पोटाचीं दुखणीं आणि घरचा बटवा

श्रावण लागला कीं आमच्या घरांतून सणांची रांग सुरू होते. नागपंचमीचीं दिंडें, नारळी पौर्णिमेचा भात, गणपतीचे मोदक, गौरींच्या पुरणपोळ्या. आणि मध्येंमध्यें सोमवार, शनिवार, एकादशी असे उपास. एका दिवशीं पानावरून उठवत नाहीं इतकें जेवण, तर दुसरा दिवस साबूदाणा, शेंगदाणे व बटाटा यांवर काढलेला! त्यांतच पावसाळ्याचें गढूळ पाणी व माशांचा सुळसुळाट. ज्या चातुर्मासांत पुण्याचा सांठा सर्वांत अधिक होतो, त्याच चातुर्मासांत पोटाच्या तक्रारींचाही होतो, हें कोणतीही गृहिणी मान्य करील.

अशा वेळीं घरांतील वडील बाईचा बटवा उघडतो. ओवा, शोपा, सुंठ, हिंग, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, डाळिंबाची साल असा त्याचा संसार. या बटव्याविषयीं आज सुशिक्षित घरांतून दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, हीं सारीं अडाणीपणाचीं लक्षणें; पोट दुखलें कीं दुकानांतून गोळी आणावी. दुसरा पक्ष म्हणतो, जें पूर्वजांनीं वापरलें व जें निसर्गांत उगवतें तें निर्धोक असलेंच पाहिजे. आमच्या मतें दोन्ही पक्ष बटव्यांतील एक वस्तु विसरतात, आणि तीच सर्वांत मोलाची होती. ती म्हणजे तारतम्य. कोणत्या दुखण्यास ओवा पुरे आणि कोणत्या दुखण्यास बटवा मिटून वैद्याकडे माणूस धाडला पाहिजे, हें ज्या बाईस कळे तिच्याच हातास गुण आहे असें लोक म्हणत. औषधें पिढ्यान् पिढ्या उतरलीं. तारतम्य मात्र अर्ध्या वाटेवर सांडलें. तें पुन्हां गोळा करावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

अजीर्ण व गुबारा

जड जेवणानंतर पोट फुगणें, करपट ढेकर येणें, अन्नावरील वासना उडणें हें अजीर्णाचें नेहमींचें स्वरूप होय. यावरील पहिलें औषध बटव्यांत नसून पानावर आहे. तें म्हणजे पुढचें जेवण सोडणें. एक वेळचें लंघन व घोट घोट ऊन पाणी एवढ्यानें साधें अजीर्ण बहुधा दुसऱ्या सकाळपर्यंत विरून जातें. मात्र लंघन हें धडधाकट मोठ्या माणसाचें औषध आहे. मधुमेहावर गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानें, गरोदर बाईनें व लहान मुलानें तें करूं नये. मधुमेहाचें औषध घेऊन उपाशी राहिल्यास रक्तांतील साखर एकाएकीं उतरते व त्यांत शुद्धही हरपते.

लंघनाच्या जोडीस ओवा आहेच. ओव्याचा तो झणझणीत वास थायमॉल नांवाच्या द्रव्याचा. चिमूटभर ओवा सैंधवाबरोबर चावून वर ऊन पाणी घेतलें असतां अडलेला वायु सरतो व पोट हलकें वाटतें. बडीशेप व बाळंतशोपा हीं त्याच कुळांतलीं, आणि पुदिना त्या कुळांतला नसला तरी त्याच कामाचा आहे. पुदिन्याच्या तेलानें आंतड्याच्या स्नायूंचा ताठा सैल होतो, असें आधुनिक प्रयोगांतही दिसून आलें आहे. परंतु पुदिना जठराच्या वरच्या झांपेलाही सैल करतो, म्हणून ज्याची तक्रार गुबाऱ्याची नसून जळजळीची आहे त्यास तो सोसत नाहीं. मळमळीवर आल्याच्या रसाची ख्याति मोठी, आणि ती सार्थ आहे; गरोदरपणांतील मळमळीवरही आल्याचा उपयोग होतो, असें अनेक चांचण्यांत आढळलें आहे.

हिंगाची गोष्ट थोडी मौजेची आहे. ज्या हिंगावांचून आमची आमटी आमटी होत नाहीं, तो शतकानुशतकें अफगाणिस्तान व इराण येथून येत आला. हिमाचल प्रदेशांतील लाहौल खोऱ्यांत पालमपूरच्या संशोधनसंस्थेनें त्याची लागवड आरंभिली ती २०२० सालीं. बाजारांतील डबींत मिळतो तो बहुधा बांधानी हिंग असतो. त्यांत खरा हिंग थोडा व डिंक आणि कणीक किंवा तांदुळाचें पीठ फार. ज्यांस गव्हांतील ग्लुटेन वर्ज्य आहे त्यांनीं डबीवरील मजकूर वाचूनच तो वापरावा. हिंगाचें उत्तम योजन पूर्वजांनीं हिंगाष्टक चूर्णांत केलें आहे. सुंठ, मिरीं, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरें, शहाजिरें व हिंग अशीं हीं आठ द्रव्यें. हें चूर्ण जेवणाच्या पहिल्या घांसाबरोबर, तूप घालून घ्यावयाचें असतें. म्हणजे तें पंचपक्वान्नें झोडून झाल्यावर करावयाचें प्रायश्चित्त नव्हे, तर मंद अग्नीच्या माणसाची जेवणापूर्वींची तयारी होय. आज तें उलट क्रमानें घेतलें जातें, आणि मग गुण येत नाहीं म्हणून चूर्णास बोल लागतो.

ताकाविषयीं फार सांगावयास नको. दुधांतील साखर पचविण्याची शक्ति मोठेपणीं पुष्कळांची कमी होते. त्यांस दूध प्यालें कीं गुबारा धरतो, पोटांत गुरगुरतें. विरजणांतील जंतु या साखरेचा कांहीं भाग आधींच आंबवून टाकतात, म्हणून अशा माणसास दूध बाधतें पण जिरें-सैंधव घातलेलें ताजें ताक सोसतें. घरांत कोणाची अशी तक्रार वारंवार असेल तर चूर्णें बदलीत बसण्यापूर्वीं आठ दिवस दूध बंद करून पाहावें.

जळजळ, आणि एक धोक्याची खूण

छातींत व घशाशीं होणारी जळजळ ही उपासाच्या दिवसांची व रात्रीं उशिरां जेवणाऱ्यांची तक्रार. जठरांतील आम्ल वर अन्ननलिकेंत चढतें तेव्हां ती होते. यावर औषधापेक्षां दिनचर्येचा उपाय अधिक पक्का. निजण्यापूर्वीं दोन-तीन तास जेवण उरकावें; पलंगाच्या उशाकडील पायांखालीं विटा घालून उशाची बाजू चार-सहा बोटें उंच करावी; डाव्या कुशीवर निजावें; तंबाखू सोडावी. थंड दूध प्याल्यानें तात्पुरतें बरें वाटतें, पण थोड्या वेळानें दूधच जठरांतून अधिक आम्ल सुटावयास कारण होतें, म्हणून त्याच्या भरंवशावर राहूं नये.

खाण्याचा सोडा पाण्यांत घालून पिण्याची चाल बऱ्याच घरांत आहे. त्यानें जळजळ थांबते हें खरें. परंतु चहाच्या एका चमचाभर सोड्यांत सुमारें १,२०० मिलिग्रॅम सोडियम असतें, आणि मोठ्या माणसानें दिवसांत २,००० मिलिग्रॅमच्या आंत राहावें असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंड यांचा विकार असलेल्या वडील मंडळींस रोज सोडा देणें म्हणजे रोज चोरून मीठ चारण्यासारखें आहे. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी जळजळ घरीं दाबूं नये. जठरांतील व्रण हा तिखटाचा किंवा काळजीचा परिणाम असें पूर्वीं सर्वच मानीत. पण १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांतील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनीं जठरांत राहणारा एक जंतु शोधून काढला, बहुतेक व्रणांच्या मुळाशीं तोच निघाला, आणि २००५ सालीं त्यांस त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. दुसरें मोठें कारण म्हणजे सांधेदुखीसाठीं मनानें घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. असा व्रण नेमक्या औषधांनीं बरा होतो. ओव्यानें किंवा दुधानें तो केवळ झांकला जातो.

येथें एक गोष्ट ठळकपणें सांगितली पाहिजे. छातींत दाब, घाम, धाप, डावा हात किंवा जबडा यांत दुखणें, किंवा वयस्क माणसास एकाएकीं आलेली विलक्षण अस्वस्थता हा ‘गॅस’ नसून हृदयाचा झटका असूं शकतो. स्त्रियांस व मधुमेह्यांस तर पुष्कळदां छातींत दुखतही नाहीं. नुसती मळमळ व थकवा येतो. अशा रात्रीं सोडा-लिंबू, ओवा, पाठीस चोळणें यांत जो तास जातो तोच तास हृदयाचा स्नायु वांचविण्याचा असतो. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावतां येते. ती बोलावून पुढें अजीर्णच निघालें तर हसून घ्यावें. त्या हसण्याची किंमत फार थोडी आहे.

मलावरोध

कोठा साफ नसणें ही जणूं सुशिक्षितांची वतनी तक्रार आहे. बैठें काम, पांढरा भात, मैद्याचीं बिस्किटें, कमी पाणी आणि सकाळची घाई हीं तिचीं कारणें. त्यांवर पालेभाजी, सालासकट डाळी, ज्वारी-बाजरीची भाकरी, पेरू, पपई, रात्रीं भिजविलेल्या मनुका, भरपूर पाणी आणि नेमलेल्या वेळीं शांतपणें शौचास बसण्याची संवय हाच खरा इलाज. इसबगोलाचा भुसा हें या प्रकारांतील सर्वांत सौम्य साधन. तो पाणी धरून फुगतो व मळास मऊपणा आणतो. त्याच गुणामुळें पातळ शौच होत असतांही त्याचा उपयोग होतो. मात्र तो नेहमीं पेलाभर पाण्यांत व बसून घ्यावा. कोरडा गिळल्यास घशांत फुगून अडकण्याची भीति असते. इतर औषधें चालू असल्यास त्यांत व इसबगोलांत दोन तासांचें अंतर ठेवावें.

एरंडेल, सोनामुखी, हिरडा हीं रेचकें निराळ्या जातीचीं आहेत. एरंडेल पोटांत गेल्यावर त्यापासून एक आम्ल निघतें व तें आंतड्याच्या स्नायूंस चाळवतें. गर्भाशयाच्या स्नायूंसही तें त्याच वाटेनें चाळवतें, असें २०१२ सालच्या संशोधनांत स्पष्ट झालें. गरोदर बाईस एरंडेल देऊं नये या जुन्या दंडकाचें कारण हेंच. रविवारीं सर्व मुलांस रांगेनें बसवून एरंडेल पाजण्याची रीति पुष्कळ घरांत होती. ती गेली तें बरेंच झालें. निरोगी कोठ्यास आठवड्याची झाडलोट लागत नाहीं.

आणि पोट दुखत असतां रेचक तर कधींच देऊं नये. बेंबीभोंवतीं सुरू झालेलें दुखणें कांहीं तासांनीं उजव्या बाजूस खालीं सरकलें, दाबून सोडतांना कळ आली, ताप व ओकारी असली, तर तो अपेंडिक्सचा दाह असण्याचा संभव फार. अशा वेळीं ‘पोट साफ झालें कीं बरें वाटेल’ म्हणून दिलेल्या एरंडेलानें सुजलेलें आंत्रपुच्छ फुटूं शकतें. अशा रुग्णास खाऊं-पिऊं न घालतां रुग्णालयांत न्यावें.

जुलाब: ज्या औषधास आम्ही औषध म्हणत नव्हतों तें

आतां या लेखाचा मुख्य विषय. जुलाब सुरू झाले कीं बटव्यांतून जायफळ, डाळिंबाची साल, बेलफळाचा मुरंबा निघतो. आमांशांत कुड्याच्या सालीचें नांव घेतलें जातें. डाळिंबाच्या सालींत व बेलफळांत तुरट द्रव्यें असतात व त्यांनीं साध्या जुलाबांत कांहीं आराम पडतो. जायफळ उगाळून चाटविण्यापुरतें ठीक. पण अख्खें जायफळ पोटांत गेल्यास भ्रम होतो, हें विसरूं नये. असो. यांपैकीं कोणत्याही मुळीनें माणूस मरतां वांचत नाहीं. कारण जुलाबांत माणूस मरतो तो जुलाबानें नव्हे, तर शरीरांतील पाणी व क्षार निघून गेल्यानें. आणि नेमकें पाणीच आमच्याकडे बंद करीत. ‘पाणी पाजूं नका, खालून तसेंच जाईल’ हें वाक्य किती घरांतून किती मुलांच्या उशाशीं बोललें गेलें असेल, याचा हिशेब कोणी ठेविलेला नाहीं. आजही जगांत पांच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुलें दरसाल अतिसारानें दगावतात.

या मृत्यूवरचा तोडगा प्रत्येक स्वयंपाकघराच्या फळीवर होता. १९६० सालीं रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानें असें मांडलें कीं, आंतड्याच्या अस्तरांतून साखर व मिठांतील सोडियम हीं दोघें एकमेकांचा हात धरून आंत शिरतात. त्यांच्यामागून पाणी ओढलें जातें. पटकीसारख्या रोगांत पाणी बाहेर टाकणारें दार सताड उघडें पडतें. पण साखर-मिठाचें हें आंत येण्याचें दार बिघडत नाहीं. म्हणून नुसतें पाणी पुरत नाहीं, नुसतें मीठ पुरत नाहीं. साखर, मीठ व पाणी तिन्ही योग्य प्रमाणांत असतील तर जुलाब चालू असतांही शरीर पाणी शोषून घेतें.

याची कसोटी १९७१ सालीं लागली. बांगलादेशाच्या युद्धांत लक्षावधि निर्वासित पश्चिम बंगालांत आले व बनगांव येथील छावणींत पटकी उसळली. शिरेंतून द्यावयाच्या सलाईनचा सांठा संपत आला. त्या वेळीं डॉ. दिलीप महालनबीस यांनीं ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधविल्या, पाण्याच्या पिंपांत त्या विरघळविल्या आणि रुग्णांच्या आईबापांस व भावंडांस सांगितलें कीं पेले भरून पाजत राहा. जेथें शेकडा तीसच्या घरांत मृत्यु होत होते तेथें ते शेकडा चारच्या आंत आले. हें काम शिकलेल्या परिचारिकांनीं नव्हे, तर बव्हंशीं रुग्णाच्या घरच्या माणसांनीं केलें, हें आमच्या वाचकभगिनींनीं विशेष लक्षांत घ्यावें. १९७८ पासून हा उपाय जगभर पसरला. महालनबीस २०२२ सालीं वारले; त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण मिळालें तें २०२३ सालीं. खुद्द बांगलादेशांत १९८० ते १९९० या दशकांत ‘ब्रॅक’ संस्थेच्या कार्यकर्त्या स्त्रिया घरोघर हिंडल्या आणि एक कोटीहून अधिक घरांतील मातांस त्यांनीं चिमूटभर मीठ व मूठभर गूळ पाण्यांत कालविण्याचें शिक्षण दिलें. बटव्यांतील विद्या पुन्हां बाईनेंच बाईस शिकविली.

तेव्हां प्रमाण पाठच करून ठेवावें. उकळून गार केलेलें एक लिटर पाणी. त्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. चव घेऊन पाहावी. अश्रूंपेक्षां खारट लागल्यास टाकून द्यावें, कारण अधिक मीठ तान्ह्या मुलास घातक आहे. चोवीस तासांनीं उरलेलें ओतून नवें करावें. दवाखान्यांत व औषधांच्या दुकानांत मिळणारी ओआरएसची पुडी यापेक्षां सरस. तिच्यांत पोटॅशियमही असतें. पुडीवर लिहिलें असेल तितक्याच पाण्यांत ती सबंध विरघळवावी; अर्धी पुडी, अर्धा पेला असे अंदाज करूं नयेत. बाजारांतील गोड पेयें त्या नांवाखालीं विकलीं जात; ऑक्टोबर २०२५ मध्यें अन्न सुरक्षा प्राधिकरणानें अशा पेयांच्या नांवांतून ‘ओआरएस’ हे शब्द काढावयास लाविले. म्हणून खोक्यावरील चित्र न पाहतां जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहावा.

दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील मुलास पाव ते अर्धा कप, दोन ते दहा वर्षांच्या मुलास अर्धा ते एक कप आणि मोठ्यांस मागतील तितकें पाजावें. ओकारी झाल्यास दहा मिनिटें थांबून पुन्हां चमच्या-चमच्यानें सुरू करावें. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यास किती पाजावें हें डॉक्टरांस विचारावें.

अन्नही तोडूं नये. कोंकणांतली पेज व देशावरचा मऊ भात येथें आपलें खरें मोल दाखवितात. तांदुळाच्या पिठूळ अंशापासून पोटांत हळूहळू साखर सुटते आणि मिठाच्या जोडीनें ती तेंच काम करते. तांदुळाच्या पेजेवर बेतलेल्या द्रावणानें पटकीच्या रुग्णांतील जुलाबाचें प्रमाण कमी होतें, हें चांचण्यांनीं दाखविलें आहे. मीठ घातलेली पेज, मेतकूट-मऊभात, ताक, नारळाचें पाणी, कुसकरलेलें केळें हें पथ्य उत्तम. ढाक्यांत झालेल्या व २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत रेंगाळलेल्या जुलाबाच्या मुलांस शिजविलेलीं कच्चीं केळीं भाताबरोबर दिल्यानें जुलाब लवकर आटोक्यांत आले. अंगावर पिणाऱ्या मुलाचें दूध तर क्षणभरही थांबवूं नये. याखेरीज मुलांस जस्ताच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस द्याव्या, असें आज सर्वत्र सांगितलें जातें. प्रमाण सहा महिन्यांखालीं १० मिलिग्रॅम व त्यावरील मुलांस २० मिलिग्रॅम. जुलाब एकदम ‘बांधणाऱ्या’ गोळ्या मुलांस देऊं नयेत, आणि कपाटांत उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या तर कोणासच देऊं नयेत.

दुखणें येण्यापूर्वींच अडविणें हें सर्वांत बरें. पाणी उकळावें, शौचानंतर व स्वयंपाकापूर्वीं साबणानें हात धुवावे. मुलांस रोटाव्हायरसची लस टोचावी लागत नाहीं, तोंडानेंच देतात. सरकारी कार्यक्रमांत ती २०१६ पासून टप्प्याटप्प्यानें आली. आणि आमच्या घरांतला तो आवडता फोडणीचा भात! रात्रभर ओट्यावर उघडा राहिलेल्या भातांत एक जंतु वाढून जें विष सोडतो तें सकाळच्या फोडणीनेंही मरत नाहीं. उरलेला भात वाफ गेल्याबरोबर शीतपेटींत ठेवावा, आणि मग फोडणीस द्यावा.

तान्हीं मुलें

बाळगुटी हा विषय नाजूक आहे, कारण तींत आजीची माया कालवलेली असते. तरी स्पष्ट लिहिणें भाग आहे. पहिले सहा महिने बाळास आईच्या दुधावांचून कांहीं लागत नाहीं, पाणीसुद्धां नाहीं. सहाणेवर उगाळलेल्या मात्रेबरोबर सहाणेवरचे जंतुही पोटांत जातात. वेखंडांतील एक द्रव्य प्राण्यांवरील प्रयोगांत अपायकारक ठरलें आहे. मध तर एक वर्षापर्यंत बोटभरही चाटवूं नये. त्यांत असणाऱ्या एका जंतूच्या बीजांपासून तान्ह्याच्या आंतड्यांत विष तयार होऊन अंग लुळें पडूं शकतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या गिरणगांवांत मुलें निजून राहावीं म्हणून अफूची ‘बाळागोळी’ देत. परंपरेनें चालत आलेली प्रत्येक गोष्ट पुढें चालवावयाची नसते, याचें तें कठोर उदाहरण आहे. पोटावर कोंबट हात फिरविणें, पाजल्यावर उभें धरून ढेकर काढणें, ओव्याची उबदार, पण चटका न देणारी पुरचुंडी पोटावर ठेवणें हे उपचार आजीनें खुशाल करावे. त्यांत मायाही आहे व धोकाही नाहीं.

बटवा कधीं मिटावा

पुढील खुणांपैकीं एकही दिसली तर घरगुती उपाय थांबवून रुग्णास डॉक्टरांकडे न्यावें, आणि वाटेंत साखर-मिठाचें पाणी मात्र चालू ठेवावें. पोटांत तीव्र दुखत असल्यास किंवा हिरवी ओकारी होत असल्यास तेवढें तेंही बंद. शौचांत रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ. ओकारींत रक्त किंवा हिरवें पित्त. न थांबणारी ओकारी. सहा तास लघवी नाहीं. मुलाचे डोळे खोल गेलेले, रडतांना अश्रु नाहींत, पोटाची कातडी चिमटींत धरून सोडल्यास हळूहळू बसते, मूल निपचित पडतें किंवा पीत नाहीं. तांदुळाच्या धुवणासारखे लोटच्या लोट जुलाब. मोठा ताप. एका जागीं ठरलेलें तीव्र दुखणें, किंवा फळीसारखें ताठलेलें पोट. पन्नाशीनंतर शौचाच्या संवयींत पडलेला नवा फरक, किंवा कारणावांचून घटणारें वजन.

शेवटीं एकत्र कुटुंबांतील एका अडचणीविषयीं. रात्रीं दोन वाजतां मूल निपचित पडतें. त्याच्या उशाशीं बसलेल्या सुनेस भय वाटतें; पण सासूबाईंनीं मात्रा दिली आहे, मामंजी निजले आहेत, आणि ‘सकाळपर्यंत वाट पाहूं’ असें कोणीतरी म्हणतें. त्या क्षणीं बोलावयाचें कोणी? आमचें उत्तर असें कीं, ज्याच्या हातांत रुग्णाचा हात आहे त्याचा शब्द अखेरचा. घरांतील कर्त्या मंडळींनीं हा अधिकार दुखणें नसतांना, सर्वांदेखत, एकदां उच्चारून द्यावा. यांत वडिलांचा उपमर्द मुळींच नाहीं. उलट सासूबाईंनीं वरील खुणा आपल्या हातानें मोठ्या अक्षरांत कागदावर लिहाव्या, त्याखालीं साखर-मिठाच्या पाण्याचें प्रमाण व जवळच्या दवाखान्याचा क्रमांक टिपावा, आणि तो कागद औषधांच्या कपाटाच्या दाराला आंतून चिकटवावा. ओवा, हिंग व सुंठ त्याच कपाटांत राहूं द्यावीं. पुढच्या सणाला तीं लागतीलच. पण दार उघडल्यावर प्रथम तो कागद दिसावा.